व्हीपीएन आणि प्रॉक्सी : नक्की काय लपतं आणि कोणापासून?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

शोधून पाहिलं, पण या विषयावर सलग चर्चा कुठे सापडली नाही, म्हणून नवा धागा काढतोय. आधी झाली असेल तर दुवा द्या, हा बंद करायला माझी हरकत नाही.

माझ्या ब्राउझरमध्ये एक फुकट एक्स्टेन्शन आहे. नावात 'व्हीपीएन' आहे, बटण दाबलं की हिरवं होतं आणि 'तुम्ही आता सुरक्षित आहात' असं झळकतं. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) दाखवणाऱ्या साइटवर गेलो तर पत्ता खरोखरच दुसऱ्या देशातला दिसतो. एक मित्र म्हणतो, हे व्हीपीएन नाहीच, साधी प्रॉक्सी आहे आणि तिने काडीचंही संरक्षण होत नाही. दुसरा म्हणतो, आयपी बदलला ना, मग त्याला काहीही म्हणा, काम झालं. ऑफिसच्या लॅपटॉपमध्येही सेटिंगला प्रॉक्सीचा पत्ता भरलेला आहे. ती आणि ही एकच का?

मी संगणक क्षेत्रातला नाही. प्रवासात सार्वजनिक वायफायवर बसून काम करतो तेव्हा माझं कोणाला काय दिसतं आणि यातलं काय वापरलं की ते दिसायचं थांबतं, एवढंच समजून घ्यायचंय.

रातकिडा

प्रॉक्सी फुकट मिळते, व्हीपीएनला पैसे पडतात. माहिती दोघंही विकतात. झालं उत्तर, लावा कुलूप धाग्याला. (हलकेच घ्या.)

बिनतारी

अर्धविराम, तुमचे दोन्ही मित्र अर्धेअर्धे बरोबर आहेत. जरा सविस्तर लिहितो.

प्रॉक्सी म्हणजे मधला एक सर्व्हर. तुमचा एखादा प्रोग्रॅम त्याला सांगतो की माझ्या वतीने अमुक ठिकाणी जोडणी कर आणि जे येईल ते मला दे. यात 'एखादा प्रोग्रॅम' महत्त्वाचा. ब्राउझरला प्रॉक्सी सांगितली की फक्त ब्राउझर तिच्यातून जातो. मेलचं ॲप, क्लाउडवर फायली चढवणारं सॉफ्टवेअर, सिस्टिमचे अपडेट, मागे चाललेला चॅट, हे सगळे आपापल्या नेहमीच्या वाटेने, तुमच्या खऱ्या पत्त्यावरून जात राहतात. तुमचं हिरवं बटण त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

व्हीपीएन याच्या खालच्या थरात काम करतं. ते चालू केलं की ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड उभं राहतं आणि राउटिंग टेबलमध्ये (कुठला डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा त्या यादीत) नोंद होते की बाहेर जाणारं सगळं या कार्डाकडे द्या. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कोणत्या ॲपने पाठवलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रत्येक पॅकेट आख्खंच्या आख्खं एन्क्रिप्ट होतं (म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंद), दुसऱ्या पॅकेटात घातलं जातं आणि व्हीपीएन सर्व्हरकडे रवाना होतं. तिथे ते उघडून पुढे पाठवलं जातं.

आता वायफाय चालवणाऱ्याच्या जागी बसून बघू. तुम्ही साधी एचटीटीपी प्रॉक्सी लावली आहे आणि ब्राउझरमध्ये एखाद्या रुग्णालयाच्या साइटचा पत्ता टाकलात. साइट एचटीटीपीएसवाली आहे, म्हणजे मजकूर सुरक्षित. पण तो सुरक्षित संवाद सुरू होण्याआधी ब्राउझर प्रॉक्सीला एक ओळ पाठवतो: 'कनेक्ट', मग साइटचं पूर्ण नाव, मग ४४३ हा पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक). ही ओळ उघडी असते. प्रॉक्सी '२०० कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' असं उत्तर देते, तेही उघडं. त्यानंतर कुलूप लागतं. म्हणजे कोणत्या पानावर काय वाचलंत हे वायफायवाल्याला कळलं नाही, पण कोणत्या रुग्णालयाच्या साइटवर किती वाजता गेलात हे त्याने वाचलं. साइट जुन्या धर्तीची, एचटीटीपीवाली असेल तर मग सगळंच उघडं. प्रॉक्सी चालवणारा ते वाचू शकतो आणि पानात स्वतःची जाहिरातही घुसडू शकतो.

सॉक्स नावाचा दुसरा प्रकार आहे. त्याची पाचवी आवृत्ती १९९६ साली प्रमाणित झाली आणि आजही तीच वापरात आहे. ही प्रॉक्सी आत काय चाललंय ते बघत नाही, नुसते बाइट इकडून तिकडे नेते. म्हणून मेल, चॅट, टॉरेंट, काहीही चालतं. पण एन्क्रिप्शन तिच्यातही नाही. नाव-पासवर्ड मागणारी सॉक्स प्रॉक्सी असली तरी तो पासवर्डसुद्धा तारेवरून जसाच्या तसा जातो.

हेच व्हीपीएन लावून केलंत तर वायफायवाल्याला दिसतं ते असं: या यंत्रावरून एकाच पत्त्यावर एकसारखे अगम्य पॅकेट जाताहेत, अमुक इतक्या आकाराचे, अमुक इतक्या वेगाने. तुम्ही व्हीपीएन वापरताय हे कळतं. कुठे जाताय हे नाही.

टाचणी

बिनतारी, मांडणी छान आहे, पण शेवटी 'प्रॉक्सी म्हणजे उघडं, व्हीपीएन म्हणजे बंद' अशी समजूत व्हायची शक्यता आहे. ती बरोबर नाही.

एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करायचं साधन) चालवताना '-डी १०८०' असा पर्याय दिला की तुमच्याच यंत्रावर एक सॉक्स प्रॉक्सी उभी राहते. ब्राउझर तिच्याशी बोलतो आणि तिथून दूरच्या सर्व्हरपर्यंतचा सगळा प्रवास एसएसएचच्या एन्क्रिप्शनमधून होतो. ही प्रॉक्सीच आहे आणि वायफायवाल्याला आतलं अक्षरही दिसत नाही. ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यातलं बोलणं टीएलएसमध्ये (एचटीटीपीएसच्या मागचं एन्क्रिप्शन) गुंडाळता येतं. बरीचशी 'व्हीपीएन' एक्स्टेन्शन्स हेच करतात. शॅडोसॉक्सही एन्क्रिप्शनवाली प्रॉक्सीच, आणि ते सेन्सॉरशिप चुकवायला वर्षानुवर्षं वापरलं जातंय.

उलट बाजूने पीपीटीपी बघा. नव्वदच्या दशकातलं व्हीपीएन, विंडोजमध्ये आयतं मिळायचं, म्हणून कंपन्यांनी डोळे झाकून वापरलं. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की त्याची लॉगिनची पद्धत फोडायला डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीची एकच किल्ली शोधावी लागते, आणि त्यासाठी बनवलेल्या हार्डवेअरवर ते एका दिवसाच्या आत होतं. नावाने व्हीपीएन, कामाने चाळण.

तेव्हा फरक एन्क्रिप्शनचा कमी आणि आवाक्याचा जास्त आहे. प्रॉक्सी एका ॲपपुरती असते, व्हीपीएन आख्ख्या यंत्रापुरतं. एन्क्रिप्शन आहे का, हा प्रश्न दोघांनाही वेगळा विचारायचा.

बिनतारी

मान्य. मी 'साधी' प्रॉक्सी म्हटलं होतं ते त्यासाठीच, पण तुम्ही लिहिलंत ते जास्त नेमकं आहे. मात्र सर्वसामान्य माणूस 'फ्री प्रॉक्सी लिस्ट' शोधून त्यातला एक पत्ता उचलतो, त्याच्या हाती शॅडोसॉक्स लागत नाही. त्याच्यासाठी प्रॉक्सी उघडी आहे असं धरून चालणंच बरं.

कोरा कागद

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अर्धविराम

बिनतारी, टाचणीताई, मनापासून आभार. बरंचसं कळलं, बाकीचं दुसऱ्यांदा वाचल्यावर कळेल.

पण मग एक शंका. आता जवळजवळ सगळ्याच साइटवर कुलूप असतं. मजकूर एन्क्रिप्ट होतोच आहे. मग सार्वजनिक वायफायवर धोका नक्की कसला? जाहिराती तर अशा असतात की व्हीपीएन नसेल तर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस बँक खातं धुऊन नेईल.

सुतावरून स्वर्ग

ती जाहिरात १०-१५ वर्षांपूर्वी खरी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं. उघड्या वायफायवर बसायचं, एक बटण दाबायचं आणि आजूबाजूला फेसबुक किंवा ट्विटरवर लॉगिन असलेल्यांची नावं फोटोसकट बाजूच्या पट्टीत दिसायची. नावावर डबल क्लिक केलं की तुम्ही त्यांच्या खात्यात. पासवर्ड लागायचा नाही, कारण तेव्हा या साइट लॉगिनपुरतं एचटीटीपीएस वापरून पुढे उघड्यावर चालायच्या आणि कुकी (साइटने ब्राउझरला दिलेली लॉगिनची ओळखखूण) हवेत तरंगायची. करणाऱ्याने मुद्दाम बोभाटा व्हावा म्हणूनच ते सगळ्यांना खुलं ठेवलं होतं, आणि झालाही. मोठ्या साइट सगळीकडे एचटीटीपीएसवर गेल्या. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं साइटचं ओळखपत्र) फुकट वाटायला सुरुवात केली आणि छोट्यांचाही बहाणा संपला.

आज बँकेचा पासवर्ड वायफायवरून कोणी 'पकडेल' ही भीती, ब्राउझरने दिलेली सर्टिफिकेटची धोक्याची सूचना तुम्ही ओलांडून गेला नाहीत तर, जवळपास नाहीच. उरतं ते असं: कोणत्या साइटवर गेलात हे नाव. ते दोन ठिकाणी गळतं. एक डीएनएसमध्ये, नावावरून पत्ता विचारताना. दुसरं टीएलएसच्या पहिल्याच निरोपात, जिथे ब्राउझर सर्व्हरला 'मला अमुक साइट हवी' असं सांगतो. पहिलं झाकायला डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आहे, २०१८ पासून प्रमाणित, तुमच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सापडेल. दुसरं झाकायचं तंत्रही आलंय, पण साइटनेही ते चालू करावं लागतं आणि सगळ्यांनी केलेलं नाही.

थोडक्यात, व्हीपीएनचं आजचं खरं काम चोर पकडणं नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि वायफायवाल्याला तुमची साइटची यादी बनवू न देणं आणि समोरच्या साइटला तुमचा खरा आयपी न कळू देणं, एवढंच. कमी नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढंही नाही.

टाचणी

+१. आणि ती यादी नाहीशी होत नाही, जागा बदलते. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हातून काढून व्हीपीएनवाल्याच्या हातात दिलीत.

रातकिडा

म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात तेच म्हणालो होतो. फक्त परिच्छेद पाडले नव्हते.

टाचणी

रातकिडा, तुम्ही 'दोघंही विकतात' म्हणालात. दोघंही विकू *शकतात*. त्यात बराच फरक आहे आणि या सगळ्या प्रकरणात पैसे मोजण्यासारखी तीच एक गोष्ट आहे.

थोडा इतिहास. २०११ मध्ये सोनी पिक्चर्सवरच्या हल्ल्याच्या तपासात हाइडमायअ‍ॅस या व्हीपीएन कंपनीने न्यायालयाच्या आदेशावरून आपल्या ग्राहकाच्या जोडणीच्या नोंदी दिल्या. आरोपीला वाटलं होतं की नाव 'लपवा' आहे म्हणजे लपवतील. २०१७ मध्ये प्युअरव्हीपीएनच्या नोंदी एफबीआयला एका छळवणुकीच्या प्रकरणात मिळाल्या. कंपनीची जाहिरात 'नोंदी ठेवत नाही' अशी होती. दोन्ही आरोपींबद्दल मला सहानुभूती नाही. मुद्दा एवढाच की नोंदी होत्या.

२०२० च्या जुलैत याहून वाईट झालं. हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएन ॲपचा मिळून १.२ टेराबाइट डेटा कुलूप न लावलेल्या सर्व्हरवर सापडला. त्यात ग्राहकांचे आयपी पत्ते, काही पासवर्ड साध्या मजकुरात. सगळ्यांचा दावा 'शून्य नोंदी'. सात वेगवेगळी नावं आणि चिन्हं, मागे सर्व्हर एकच.

आणि फेसबुकचं ओनावो. २०१३ मध्ये कंपनी विकत घेतली, ॲपचं नाव 'प्रोटेक्ट', काम ग्राहक दुसरी कोणती ॲप किती वापरतात याचा डेटा गोळा करणं. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते काढावं लागलं, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इथे ना चोरी झाली ना गळती. व्हीपीएन अगदी सांगितल्याबरहुकूम चाललं होतं, सगळा डेटा मालकाच्या हातून जात होता.

आता उलट उदाहरण. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गॉथेनबर्गच्या कार्यालयात गेले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक जप्त करायचे होते. असा डेटा इथे नाहीच हे कंपनीने पटवून दिलं आणि ते रिकाम्या हातांनी परतले. मुलवाडला खातं उघडताना ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही, १६ आकडी क्रमांक मिळतो. जे घेतलंच नाही ते देणार कुठून? (मी त्यांची एजंट नाही. दुसऱ्या कोणाचीही नाही.)

सुतावरून स्वर्ग

वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीबद्दल कोणीच लिहिलं नाही? जेमतेम ४००० ओळींचा कोड, मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत दाखल, ओपनव्हीपीएन या जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी चपळ. पण टाचणीताईंच्या मुद्द्याला धरून एक गोम: त्याच्या रचनेतच सर्व्हरला प्रत्येक ग्राहकाचा शेवटचा खरा आयपी मेमरीत धरून ठेवावा लागतो आणि ग्राहकाला आतला पत्ताही कायमचा दिलेला असतो. जे व्हीपीएनवाले नोंदी न ठेवण्याबद्दल गंभीर आहेत त्यांनी त्यावर वेगळे उपाय केलेत: ठरावीक वेळ शांतता असली की ती नोंद पुसायची वगैरे. तुमच्या व्हीपीएनने काय केलंय हे त्यांच्या साइटवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तेही एक उत्तरच.

पाणकोंबडी

फुकट व्हीपीएन म्हणजे सरसकट वाईट असं म्हणायचंय का? काही कंपन्या पैसे देणाऱ्यांच्या जिवावर एक मर्यादित फुकट योजना चालवतात. मी तशीच एक वापरते, वेग कमी असतो, बाकी तक्रार नाही.

बिनतारी

तशी योजना वेगळी. तिथे पैसा कुठून येतो ते दिसतं. प्रश्न जिथे पैसा कुठून येतो तेच कळत नाही तिथला आहे.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप उघडून तपासली. १८ टक्क्यांमध्ये व्हीपीएनच्या बोगद्याला (तुमचं यंत्र ते व्हीपीएन सर्व्हर या जोडणीला) एन्क्रिप्शनच नव्हतं. ६६ टक्क्यांमधून डीएनएसच्या विचारणा बाहेर गळत होत्या, ८४ टक्क्यांमधून आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी आवृत्ती) ची वाहतूक. ३८ टक्क्यांमध्ये कोणत्या ना कोणत्या अँटिव्हायरसला मालवेअरची खूण सापडली. आकडे जुने झाले, पण ही ॲप लोकांनी गोपनीयतेसाठी म्हणून घेतली होती.

याहून मजेशीर (म्हणजे भयानक) प्रकार ९११ एस५ चा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने हे जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन वाटायची, ज्यांनी ती टाकली त्यांची यंत्रं ताब्यात यायची आणि मग त्या यंत्रांच्या घरगुती इंटरनेट जोडण्या प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिल्या जायच्या. १९० हून अधिक देशांतले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते. गिऱ्हाइकं घोटाळेबाज, कारण घरगुती पत्त्यावरून आलेल्या व्यवहारावर बँकेचा संशय कमी. तुम्ही इकडे व्हीपीएन चालू करून निर्धास्त, तिकडे तुमच्या आयपीवरून कोणीतरी फसवणुकीचे अर्ज भरतोय. अर्धविराम, तुमच्या मूळ प्रश्नाचं हे सगळ्यात कडवट उत्तर: व्हीपीएन तुम्ही वापरत होता आणि प्रॉक्सी तुम्ही स्वतः झाला होता.

कोरा कागद

बाप रे.

निवांत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पाणकोंबडी

हे वाचून मी ॲपच्या परवानग्या बघून आले.

दुसरं विचारायचं होतं. व्हीपीएन लावूनही मला त्याच जाहिराती का दिसतात? काल जे बूट बघितले तेच आज देश बदलूनही पाठीमागे.

सुतावरून स्वर्ग

कारण ते जाहिरातवाले तुम्हाला आयपीवरून ओळखतच नव्हते, किंवा फक्त आयपीवरून तरी नाही. कुकी तुमच्या ब्राउझरमध्ये आहे, ती व्हीपीएनच्या बोगद्यातूनही जशीच्या तशी जाते. गूगलमध्ये लॉगिन आहात तर मग संपलंच. चेहऱ्यावर बुरखा घेऊन स्वतःचं ओळखपत्र दाखवण्यातला प्रकार. कुकी काढल्या तरी फिंगरप्रिंटिंग उरतं: स्क्रीनचा आकार, फाँट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड, असल्या फुटकळ गोष्टी एकत्र केल्या की ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये साडेचार लाखांहून जास्त ब्राउझर तपासले, त्यातल्या ८३.६ टक्क्यांचे ठसे त्या नमुन्यात एकमेव होते. व्हीपीएन यातलं काहीही झाकत नाही. टाइमझोनचं तर बघाच: आयपी एका खंडातला आणि घड्याळ दुसऱ्या खंडातलं, म्हणजे लपण्याऐवजी उठून दिसता.

बुटांच्या जाहिराती थांबवायला जाहिरात-ट्रॅकर अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन लावा. व्हीपीएनपेक्षा जास्त फरक पडेल आणि पैसेही पडत नाहीत.

अर्धविराम

मग माझ्या एक्स्टेन्शनचं काय करू? बिनतारींनी लिहिलेली गळती माझ्याकडे होतेय का ते कसं तपासायचं?

टाचणी

एक्स्टेन्शन बंद ठेवून डीएनएस गळती तपासणारी कोणतीही साइट उघडा, तिथे दिसणाऱ्या सर्व्हरांची नावं टिपून ठेवा. मग चालू करून पुन्हा. नावं तीच आली तर पानं प्रॉक्सीतून येताहेत, पण 'अमुक साइट कुठे आहे' ही विचारणा अजूनही तुमच्या नेहमीच्या इंटरनेटवाल्याकडे जातेय. फायरफॉक्समध्ये हाताने सॉक्स प्रॉक्सी लावणाऱ्यांनी त्याच खिडकीत खाली 'सॉक्स व्ही५ वापरताना डीएनएसही प्रॉक्सीतून' अशा अर्थाची चौकट आहे ती टिचकीने खूण केलेली आहे ना ते बघावं. कर्ल (कमांड टाइप करून पानं आणणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी: 'सॉक्स५' आणि 'सॉक्स५एच' यांत फरक त्या शेवटच्या 'एच'चा आहे. 'एच' असेल तर नाव प्रॉक्सी शोधते, नसेल तर तुमचं यंत्र. एका अक्षरासाठी लोक फसतात.

दुसरी तपासणी वेबआरटीसीची. व्हिडिओ कॉलसाठी ब्राउझरला आपला बाहेरचा पत्ता शोधावा लागतो आणि तो यूडीपीने (डेटा पाठवायची एक पद्धत) शोधतो. साध्या एचटीटीपी प्रॉक्सीतून यूडीपी जातच नाही, मग ब्राउझर सरळ बाजूने निघून जातो आणि खरा आयपी साइटच्या हातात पडतो. २०१५ मध्ये हे पहिल्यांदा गाजलं, तेव्हापासून बरीच एक्स्टेन्शन्स त्याचा बंदोबस्त करतात. सगळी नाही.

आणि एक्स्टेन्शन टाकताना ब्राउझरने जी परवानगी मागितली ती आठवते का? 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे.' ही परवानगी असली तर एचटीटीपीएसचं कुलूप त्याला लागू नाही, कारण ते कुलपाच्या आतल्या बाजूला बसलंय. वायफायवाल्याला जे कधीच दिसलं नसतं ते याला दिसतं. मी असते तर आजच काढलं असतं.

पाणकोंबडी

म्हणजे पूर्ण यंत्राचं व्हीपीएन, किल स्विच (व्हीपीएन तुटलं की इंटरनेट थांबवणारी सोय) चालू, की निर्धास्त?

बिनतारी

बऱ्यापैकी. पूर्ण नाही.

मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावाचा प्रकार उघड झाला. मी वर राउटिंग टेबलचा उल्लेख केला होता, तिथेच ही मेख आहे. वायफायला जोडलं की राउटर डीएचसीपीने तुम्हाला पत्ता देतो. त्याच डीएचसीपीमध्ये १२१ क्रमांकाचा एक पर्याय आहे, त्यातून राउटर तुमच्या यंत्राला जादा मार्गही सांगू शकतो. व्हीपीएनने सांगितलेलं असतं 'सगळं माझ्याकडे'. राउटर म्हणतो 'या ठरावीक पत्त्यांचं मात्र माझ्याकडे'. राउटिंगचा नियम असा की जास्त नेमका मार्ग जिंकतो. झालं, ती पॅकेट बोगद्यात शिरतच नाहीत. बोगदा मात्र जोडलेलाच राहतो, त्यामुळे ॲपमध्ये हिरवं चिन्ह कायम आणि अनेक किल स्विचना पत्ताही लागत नाही. अँड्रॉइड या पर्यायाकडे लक्षच देत नाही, म्हणून तो वाचला.

यासाठी वायफाय चालवणाराच, किंवा त्याच जाळ्यावर बसून खोटा डीएचसीपी चालवणारा, तुमच्या मागे लागलेला असावा लागतो. आणि बाहेर सांडलेल्या पॅकेटांवर एचटीटीपीएसचं कुलूप असतंच. पण सार्वजनिक वायफायसाठी व्हीपीएन घेता आणि नेमकं तिथेच ते गंडू शकतं, हे माहीत असावं. जिथे खरंच धाकधूक असेल तिथे फोनचा स्वतःचा डेटा वापरा, लॅपटॉपला हॉटस्पॉट द्या. पराया राउटर मध्ये येतच नाही.

सुतावरून स्वर्ग

एक वेगळी वाट राहिली. व्हीपीएन असो की प्रॉक्सी, दोन्हींत मधल्या एका माणसाला तुम्ही कोण आणि कुठे जाताय हे दोन्ही माहीत असतं. हे तोडायचं तर मध्ये एकापेक्षा जास्त लोक हवेत. टॉर नावाच्या जाळ्यात तीन असतात: पहिल्याला तुम्ही माहीत, तिसऱ्याला साइट माहीत, मधल्याला यातलं काहीच नाही. कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, नव्वदच्या दशकातली. टॉरचं जाळं २००२ मध्ये सुरू झालं. गंमत म्हणजे तुमच्या यंत्रावर टॉर कशाच्या रूपात उभा असतो? सॉक्स प्रॉक्सीच्या. तेव्हा 'प्रॉक्सी म्हणजे हलकं' हेही डोक्यातून काढा.

ॲपलचं प्रायव्हेट रिले २०२१ मध्ये आलं, त्यात दोन टप्पे. पहिला ॲपलचा, त्याला तुमचा आयपी दिसतो पण साइट नाही. दुसरा बाहेरच्या कंपनीचा, त्याला साइट दिसते पण तुम्ही नाही. मात्र हे मुख्यतः सफारीपुरतं. बाकीची ॲप जवळपास सगळी उघड्यावरच.

टॉरचा वेग बघून रोजच्या कामाला कोणी तो वापरत नाही, आणि शेवटचा टप्पा चालवणारा कोणीही असू शकतो, म्हणून तिथे एचटीटीपीएस नसेल तर पासवर्ड टाकू नये.

अर्धविराम

एक्स्टेन्शन काढलं. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू केलं, ट्रॅकर अडवणारं टाकलं. व्हीपीएन विकत घ्यायचं की नाही ते अजून ठरत नाहीये, कारण माझं बहुतेक काम हॉटस्पॉटवर भागतंय असं दिसतं.

ऑफिसच्या प्रॉक्सीबद्दल मात्र कोणी बोललं नाही. तिथे घरून मी ऑफिसचं व्हीपीएनही लावतो. त्यांना माझं काय दिसतं?

टाचणी

ऑफिसचं व्हीपीएन तुमची गोपनीयता राखायला नाहीच, ऑफिसच्या जाळ्यात तुम्हाला घरून आत घ्यायला आहे. काही ठिकाणी फक्त ऑफिसच्या सर्व्हरांची वाहतूक त्यातून जाते, काही ठिकाणी सगळीच. सगळी जात असेल तर संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर बघितलेलं सगळं ऑफिसमार्गे जातं.

प्रॉक्सीचं एका मिनिटात कळेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणतीही मोठी साइट उघडा, पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर टिचकी मारा आणि सर्टिफिकेट उघडून ते कोणी दिलंय ते वाचा. एखाद्या जगजाहीर सर्टिफिकेट संस्थेचं नाव असेल तर प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव दिसतंय. तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या फायरवॉल बनवणाऱ्याचं नाव असेल तर प्रॉक्सी मध्येच कुलूप उघडून, आत बघून, स्वतःचं कुलूप लावून तुम्हाला देतेय. तुमचा ब्राउझर कुरकुरत नाही, कारण लॅपटॉप देतानाच त्यात कंपनीचं मूळ सर्टिफिकेट विश्वासू म्हणून भरलेलं असतं. बँका आणि आरोग्याच्या साइट बऱ्याच कंपन्या यातून वगळतात, म्हणून एकच साइट बघून ठरवू नका.

अर्धविराम

बघितलं. वर्तमानपत्राच्या साइटला कंपनीचं नाव, बँकेच्या साइटला नाही. मग त्या लॅपटॉपवर मी स्वतःचं व्हीपीएन टाकलं तर?

बिनतारी

एक तर टाकू देणार नाहीत. दिलंच तरी यंत्र त्यांचं, त्यात स्क्रीन आणि प्रोग्रॅम बघणारं सॉफ्टवेअर त्यांचं; बोगद्यात शिरायच्या आधीच त्यांना सगळं दिसतं. वर आयटी विभागाकडून विचारणा येईल ती वेगळीच. खाजगी गोष्टी स्वतःच्या फोनवर करा, आणि फोन ऑफिसच्या वायफायला न जोडता.